गाडी न मागवता

"गाडीची तारीख तुमच्याशिवाय आणखी कोणाला माहीत असते?"

मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्यासाठी मागवलेला चहा पुढे सरकवत होते. त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर त्यांनी चहा घेणं बंद केलं.

मी तेव्हा ठाण्यात, विद्यापीठाच्या एका केंद्रात, संशोधन प्रकल्पांच्या कक्षात होते. प्राध्यापक संशोधन करतात, बाहेरच्या संस्था आणि कंपन्या त्यासाठी निधी देतात, आणि या दोघांच्या मध्ये आम्ही. करार वाचायचे, खरेदीसाठी कोटेशनं मागवायची, प्रकल्प सहाय्यकांच्या नेमणुका, गाड्यांच्या मंजुऱ्या, निधी कसा वापरला त्याचे दाखले. शहाडजवळच्या आमच्या मोहन्यात हे कुणाला समजावता यायचं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "ती सायंटिस्टांना शिस्त लावते."

मॅडम रसायनशास्त्राच्या. डोंबिवलीत राहायच्या, निवृत्ती जवळ आलेली, बोलणं अगदी स्वच्छ, एकही शब्द वाया न घालवणारं. त्यांचा प्रकल्प एका खासगी कंपनीने दिलेला होता. मोठमोठ्या गृहसंकुलांचं सांडपाणी शुद्ध करून खाडीत सोडायचं, हे त्या कंपनीचं काम. सोडलेलं पाणी खरंच शुद्ध असतं का, हे मॅडमनी तपासायचं. ज्याची परीक्षा, त्यानेच परीक्षकाचा खर्च करायचा. बाहेरच्यांना हे ऐकून नवल वाटतं. आम्हाला त्यात काही वाटेनासं झालेलं.

नमुने घ्यायला खाडीवर जायचं तर गाडी लागायची. त्यासाठी आधी टिपण, त्यावर संचालकांची सही, मग ट्रॅव्हल्सवाल्याला तारीख आणि ठिकाण कळवायचं. ही सगळी कामं माझी. म्हणून मॅडमचा प्रश्न मला आला.

"संचालक सरांना माहीत असते," मी म्हटलं. "पण का, मॅडम?"

"पाणी फार चांगलं येतंय," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. चांगलं आलं तर चांगलंच की. त्यांनी मग समजावलं. सकाळी, दुपारी, ओहोटीला, भरतीला, केव्हाही जा, पाणी एकाच दर्जाचं. खरं पाणी असं वागत नाही. प्रकल्प सुरू व्हायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांनी सहज म्हणून त्याच जागेवरून पाणी आणलेलं, ते पाहवत नव्हतं. "शुद्ध करणारी यंत्रं चालवायला वीज लागते. ती एरवी बंद ठेवायची आणि आम्ही येणार त्या दिवशी चालवायची, एवढं सोपं आहे. फक्त आम्ही कधी येणार ते कळायला हवं." हे बोलताना त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

मला रागही आला आणि भीतीही वाटली. त्यानंतर मॅडम आपली फाईल स्वतः घेऊन यायच्या, स्वतः घेऊन जायच्या. झेरॉक्स काढायला दिलं तर मशीनपाशी उभ्या राहायच्या. मी खोलीत शिरले की फोनवरचं बोलणं थांबायचं. शिपायापासून सगळ्यांच्या ते लक्षात आलेलं.

मग मीही तसंच बघायला लागले. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी फोन आला की उठून पॅसेजमध्ये जायचे. आधी मला वाटायचं, घरचं काही असेल. आता वाटायला लागलं, एवढं काय खासगी? संचालक सर एकदा म्हणालेले, "प्रायोजकाला जरा सांभाळून घ्या, पुढचे प्रकल्पही त्यांच्याकडूनच यायचेत." हे साधं वाक्य मी घरी भाकऱ्या भाजताना पुन्हा पुन्हा उलगडून बघत होते.

पुढच्या वेळी मी गाडीचं टिपण स्वतः टाईप केलं, हाताने नेऊन सरांची सही घेतली आणि फाईल कपाटात कुलूपबंद केली. सहकाऱ्यांना पत्ता लागू दिला नाही. आदल्या दिवशी कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. फार गोड बोलणारा माणूस. दिवाळीला मिठाई घेऊन यायचा, मला ताई म्हणायचा.

"ताई, उद्या येताय ना आमच्याकडे? नाश्त्याचं सांगून ठेवतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो ताई, आपलीच माणसं सगळीकडे," तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

सहकारी सुटले. त्यांचे फोन खरंच घरचे होते, मुलीचं लग्न जमत होतं. राहिले सर आणि मी. चार दिवस मी सरांना संशयाने पाहत राहिले. त्यांच्या केबिनमध्ये कोण गेलं, किती वेळ बसलं, सगळं टिपत होते. बाहेर पडलेल्या पाहुण्याच्या शर्टावरचं ओळखपत्रसुद्धा वाचायचा प्रयत्न केला. आपण अशा होत चाललो आहोत हे कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी केंद्राच्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभी होते. आमच्याकडे नेहमी येणारा, ट्रॅव्हल्सचा गाडीवाला तिथेच काच पुसत होता.

"काय रे, अजून इथेच?" मी विचारलं.

"निघतोच मॅडम. प्लान्टवर जायचंय. शेठच्या चार गाड्या तिकडे महिन्याच्या बोलीवर लागल्यात ना."

"कुठल्या प्लान्टवर?"

त्याने खाडीकाठच्या त्याच कंपनीचं नाव घेतलं. अगदी सहज. लपवायचं काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतंच. आम्ही गाडी मागवली की शेठ तारीख आणि ठिकाण फळ्यावर लिहायचा, आणि तो फळा ज्या ऑफिसात, तिथे कंपनीचे लोक रोज येऊन बसायचे. नियमाप्रमाणे सर्वांत कमी दर ज्याचा, त्याची गाडी. त्याचा दर कमी होता. कंपनीलाही बहुधा तोच परवडला असेल.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या प्रयोगशाळेत गेले आणि सगळं सांगितलं. वाटलेलं, त्या म्हणतील, बरं झालं शोधून काढलंत. त्यांनी हातातली काचेची नळी स्टॅण्डमध्ये ठेवली.

"आणि हे तुम्हाला कालच कळलं?"

"हो."

"मला येऊन सांगावंसं तुम्हाला का वाटलं?"

त्यांना वाटत होतं, पकडले जाऊ म्हणून मी गाडीवाल्याला पुढे करते आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी जरा मोठ्यानेच बोलले, "मॅडम, आत्ता चला. बाटल्या घ्या. गाडी नको, टिपण नको. माझ्यासोबत या, नाहीतर एकट्या जा, पण आत्ता जा."

त्या बर्फाची पेटी उचलून म्हणाल्या, "चला."

फाटकाबाहेर रिक्षा मिळाली. आत बसल्यावर, रिक्षा वळणाला लागली तेव्हा, त्यांनी माझ्यापुढे हात केला. "तुमचा फोन माझ्याकडे द्या."

वीस वर्षं नोकरी केलेली बाई मी. कुणी असा हात पुढे केलेला नव्हता. नाही म्हणाले असते तर संशय पक्का झाला असता. मी दिला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. रिक्षावाला आरशातून दोघींकडे बघत होता, त्याला बहुधा सासू-सून वाटलो असू.

एरवी कंपनीच नमुन्यांसाठी बोट द्यायची. त्या दिवशी ती मागण्याचा प्रश्न नव्हता. काठावरच्या कोळीवाड्यात एक बाई जाळं विणत बसलेली, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तिची छोटी होडी चिखलाच्या कडेला बांधलेली होती. मॅडमनी विचारलं, कंपनी ज्यातून पाणी सोडते, जरा त्या पाइपच्या तोंडापर्यंत न्याल का?

तिने बाटल्या पाहिल्या. "तुमी कंपनीची मानसं."

"नाही हो, आम्ही विद्यापीठातून आलोय."

"मग ते परवा आलेले, ते कोन होते? ते पन बाटल्याच भरीत होते. पैका कोन देतं तुमाला?"

मॅडमना खोटं बोलता आलं नाही. "कंपनीच देते," त्या म्हणाल्या.

बाई हसली आणि पुन्हा जाळ्यात हात घातला. आता मीच पुढे झाले. म्हटलं, "बाय, आज आम्ही आलोय हे कंपनीला माहीत नाही. यांनी माझा फोनसुद्धा काढून घेतलाय, मी सांगेन म्हणून."

तिने मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "खरं?"

मॅडमनी पर्स उघडून फोन दाखवला. तेव्हा ती उठली. "चला. पन एक बाटली माझ्यापाशी ठेवाल. उद्या तुमी पानी बदललंत तर?"

मॅडमनी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की असं ठेवलेलं पाणी थोड्याच दिवसांत तपासण्याच्या लायकीचं राहत नाही. ती म्हणाली, असू दे. आमच्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं.

पाइपाच्या तोंडाशी पाणी काळपट होतं, वर फेस, आणि असा वास की मी पदर नाकाला लावला. मॅडमनी हातमोजे चढवले आणि वाकून एकेक बाटली भरली.

निष्कर्ष आले, मॅडमनी ते अहवालात घातले आणि संचालकांच्या केबिनमध्ये बैठक बोलावली गेली. कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, पूर्वसूचना न देता घेतलेला नमुना करारात बसत नाही. मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सरांनी मला विचारलं, "तुम्ही कुणाच्या परवानगीने गेलात?"

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं.

मॅडम मध्ये बोलल्या, "माझ्या सांगण्यावरून आल्या त्या." हे खरं नव्हतं. पण त्यांनी ते सर्वांसमोर सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर भिंतीकडे पाहत होत्या.

सरांनी शेवटी तोडगा काढला की पुढचे नमुने न कळवता घ्यायचे. त्यानंतर कंपनीने प्रकल्पच थांबवला. आपल्या गरजा बदलल्या आहेत असं कळवलं. मॅडमनी आधीचे चांगले आणि नंतरचे वाईट, दोन्ही निष्कर्ष एकत्र छापून घेतले. खाडीतलं पाणी सुधारलं का, मला माहीत नाही. आणि मी? माझी बदली परीक्षा विभागात झाली. त्या बदलीचा या प्रकरणाशी संबंध नाही असं मला दोन वेगवेगळ्या माणसांनी आपणहून सांगितलं, मी विचारलेलं नसताना.

निवृत्तीनंतर मॅडमनी एका रविवारी मला डोंबिवलीला घरी बोलावलं. शहाडहून गेले. पोहे केलेले, वर ओलं खोबरं. जुन्या गोष्टी निघाल्या. त्या सरांविषयी बोलल्या, त्या कोळणीविषयी बोलल्या. म्हणाल्या, "चिवट बाई होती." आम्ही हसलो. मग त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या,

"एक विचारू? आता काही फरक पडत नाही. पण खरं सांगा. तुम्ही नव्हतात ना?"

मला वाटलेलं तसा राग आला नाही. एवढी वर्षं त्यांनी हे कसं बाळगलं असेल, याचंच नवल वाटलं.

"नव्हते, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आणखी पोहे घेऊन आल्या.