कुवेतच्या भिंतीवरचं कॅलेंडर

दवनीवाड्याच्या मोहनलाल रहांगडालेचा जगात कशावर विश्वास असेल तर तो स्वतःच्या दाढेवर. धानाची मूठ उचलायची, तळव्यावर चोळायची, तूस फुंकून टाकायचं, एक दाणा दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटायचे. कट् असा आवाज आला की धान वाळलेलं. दाणा नुसताच दबला की ओलं. गोंदियाच्या मिलवाल्या शेटजीनं ओलावा मोजायचं यंत्र आणलं, तरी यंत्रावरचा आकडा वाचून झाला की शेटजी मोहनलालच्या तोंडाकडे पाहायचे. हंगामात तो त्या मिलमध्ये पारखी म्हणून जायचा. उरलेलं वर्ष आपल्या धानाच्या बांध्यांमध्ये.

हीच दाढ तो माणसांनाही लावायचा. कोणी 'राम राम' केला, तर हा आज काऊन करून राहिला, असा विचार त्याच्या मनात आधी यायचा. गाव हसायचं. जुनी माणसं मात्र हसत नव्हती, कारण त्यांना धुरपता ठाऊक होती.

धुरपता त्याची थोरली बहीण. तिचा नवरा भिलाईला नोकरी करतो म्हणून सांगायचा. महिन्याला एक पत्र यायचं आणि ते धुरपताला वाचून दाखवायचा सतरा वर्षांचा मोहनलाल. चार वर्षांनी कळलं की नवऱ्यानं बालाघाटला दुसरा संसार थाटला होता. सारी पत्रं बालाघाटहूनच टाकलेली. पाकिटावरचा शिक्का स्पष्ट होता. पत्र मोहनलालनं मोठ्या आवाजात वाचलं, पाकीट मात्र उलटून पाहिलं नाही. धुरपता माहेरी परतली ती कायमची. मोहनलालची बायको तुलसा गेल्यावर त्याच्या मुलीला, उर्वशीला, तिनंच वाढवलं.

त्या उर्वशीचं साक्षगंध दोन हजार नऊच्या जानेवारीत झालं. मुलगा फुलचूरच्या केवळराम पटलेचा ओमेश्वर. वेल्डर होता, हात चांगला होता. साक्षगंधाला पंधरा दिवस होत नाहीत तोच तो कुवेतला गेला. लग्न पुढच्या फाल्गुनात ठरलं.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. मोहनलालच्या मोबाइलला रेंज फक्त खळ्यात, तणसाच्या ढिगाजवळ. तिथं उभा राहून तो बोलायचा. ओमेश्वर तब्येत विचारायचा, पाऊसपाणी विचारायचा, आणि फोन कापताना 'सगळ्यांले नमस्कार' म्हणायचा. त्या 'सगळ्यां'त उर्वशी होती, हे मोहनलालला कळायचं.

पाकीट उलटून पाहायची वेळ भाद्रपदात आली. बांध्यांमध्ये हलकं धान निसवायला लागलं होतं. रिचार्ज मारायला मोहनलाल छोटेलालच्या दुकानात गेला होता. छोटेलाल मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "काका, हैदराबाद में कौन है आपका?"

"हैदराबादले कोणी नाही माया."

"संडे-संडे को तो वहीं से फोन आता है. ये देखो, जीरो चालीस. और ये वाला दिल्ली का."

मोहनलालच्या दाढेखाली काहीतरी मऊ दबलं.

रविवारी खळ्यात उभा राहून त्यानं सरळच विचारलं. "जवाईबापू, तुमी बोलता कुवेतहून, अन् नंबर येते हैदराबादचा. हे कसं?"

पलीकडे खरखर वाढली. मग ओमेश्वर म्हणाला, "मामाजी, इथं एक दुकानवाला हाये. तो नेटवरून फोन लावून देते. वाटेत कोणत्या शहरातून जाते, त्याचा नंबर दिसते म्हनतात."

"म्हनजे एस.टी.सारखा? बदलत बदलत?"

"तसंच काही."

"मंग तिकीट कुवेतचं काऊन नाही दिसत?"

फोन कटला. आपोआप कटला की कापला, हे मोहनलाल तणसाजवळ उभा राहून पुष्कळ वेळ तोलत राहिला.

घरी येऊन त्यानं सांगून टाकलं, "दसऱ्याच्या आत उलगडा झाला पायजे. नाही तं मी फुलचूरले जाऊन सोयरीक मोडून येतो. एक पाकीट मी पाह्यलं नाही. दुसरं पाहीन."

धुरपता तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. उर्वशी चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकर तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा ती बोलली.

"बाबूजी, मोडण्याआधी एक डाव पाहून घ्या ना. गोंद्याले कॅम्प्युटरवर मानसाचं तोंड दिसते म्हने. तो बोलते, आपल्याले दिसते."

"तुले कोणं सांगतलं?"

"रुचिनं."

रुचि शेजारच्या आळीतली तिची मैत्रीण. दर शुक्रवारी संध्याकाळी उर्वशी तिच्याकडे कथेला जायची. सोळा शुक्रवारांचं व्रत धरलं होतं तिनं. स्वयंपाकघरात मिलचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यातल्या शुक्रवारांना ती पेनानं गोल करायची. अकरा तारखेचा तेवढा राहिला होता. त्या दिवशी ती रुचिकडून लवकर परत आली होती, उतरलेल्या चेहऱ्यानं. उपास मोडला असेल, असं मोहनलालनं धरून घेतलं होतं. बायकांच्या व्रतात तो दाढ घालत नसे.

केवळरामकडून ओमेश्वरला वेळ कळवून मंगळवारी तो धुरपताला घेऊन गोंदियाला गेला. उर्वशीला नेलं नाही. लग्नाआधी तोंड पाहायचं तर ते मोठ्यांनी. स्टेशनजवळच्या गल्लीत नेटचं दुकान होतं. दुकानवाल्यानं दोघांना एका खुराड्यात बसवलं आणि मोहनलालच्या कानांवर हेडफोन चढवला. धुरपताला ऐकू यावं म्हणून मोहनलालनं तो लगेच काढायला लावला. "जे बोलायचं ते दोघांसमोर. आवाज मोठा करा."

पडदा निळा झाला, काळा झाला, आणि त्यात ओमेश्वर उगवला. गाल बसलेले, बनियन घातलेली. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती म्हणून दुपारी खोलीवर होता. लॅपटॉप सोबतच्या मल्याळी माणसाचा.

"मामाजी, नमस्कार. आत्याबाई, पाया पडतो."

"सुखी राहा, बापा," धुरपता म्हणाली. "वाळला किती रे."

मोहनलालची नजर ओमेश्वरच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली होती. भिंतीवर कॅलेंडर होतं. कमळात लक्ष्मी, दोन्हीकडून हत्ती, आणि खाली लाल अक्षरांत गोंदियाच्या त्याच मिलचं नाव.

"बाई," तो धुरपताला म्हणाला, "उठ. पाह्यलं मी पाकीट."

"काय झालं?"

"कुवेतात आपल्या शेटजीचं कॅलेंडर वाटतात का? हा इथंच कुठंतरी बसून हाये. नागपुरात, नाही तं रायपुरात."

ओमेश्वर आधी मागे वळला, मग हसला, मग मोहनलालचा चेहरा पाहून त्याचं हसू विझलं. "मामाजी, मायनं बॅगीत टाकलं होतं. इकडं तिथी-सण काहीच समजत नाही म्हनून."

"मायनं टाकलं! काढा ते भिंतीवरनं. डोळ्यासमोर धरा."

ओमेश्वरनं कॅलेंडर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. सप्टेंबरचं पान. मोहनलालनं नाक पडद्याला टेकेल इतकं वाकून पाहिलं. रविवार छापले होते तसेच लाल, कोरे. पेनाचे गोल होते ते शुक्रवारांना.

"हे शुक्रवारले गोल कायले?"

"सुट्टी राहते ना. इथं रविवारी काम चालते, सुट्टी शुक्रवारी."

"मागचं पान पलटवा."

ऑगस्ट. चारही शुक्रवारांना गोल.

"त्याच्या मागचं."

जुलै. जून. मे. शाई बदलली होती, कधी निळी, कधी काळी. एका पानावर चहाचा डाग होता. हे एका दिवसात बसून काढलेले गोल नव्हते. मोहनलालनं डोळे मिटले. चोरी लपवणारा माणूस खोटा नंबर आणेल, खोटं तोंड करील. पण सासऱ्यानं कधीकाळी भिंतीकडे पाहावं म्हणून महिनोन् महिने शुक्रवार गिरवत बसणार नाही. कट् असा आवाज त्याला आतून ऐकू आला.

तरी सवय जाते कुठं. "अन् याच महिन्यात अकरा तारखेले काऊन नाही?"

ओमेश्वर गडबडला. "त्या... त्या दिवशी कामावर बोलावलं होतं, मामाजी. सुट्टी गेली. फो—" तो थांबला. "सुट्टी गेली."

पडदा थरथरला आणि त्याचं तोंड अर्धवट उघडं असतानाच गोठलं.

परतीच्या एस.टी.त मोहनलाल खिडकीशी बसून होता. धुरपतानं दोनदा विचारलं, "मोहन, मोडून राहिला का जोडून?" एक अकरा तारीख त्याच्या दाढेत अडकली होती.

घरी आल्यावर तो चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात गेला. तीच लक्ष्मी, तेच हत्ती. चारला गोल. अठराला गोल. अकरा कोरी. त्यानं पान उलटलं. ऑगस्टचे चारही. जुलै, जून, मे, पार फेब्रुवारीपर्यंत तो बोटानं मोजत गेला. सोळा कधीच सरले होते. एकोणतीस झाले होते.

उर्वशी पाण्याचा गडवा घेऊन मागे उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

जो माणूस प्रसादाचा पेढाही हुंगून घ्यायचा, त्याच्या घरात, त्याच्या नाकासमोर, भिंतीवर लिहून ठेवलेलं होतं आणि त्याला दिसलं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता. तो आला की नाही, हे त्यालाच नीट कळेना. त्यानं धुरपताकडे पाहिलं. ती सुपातले खडे वेचत होती.

"बाई, सोळा शुक्रवार किती असतात?"

"हिचे जरा मोठे हायेत," धुरपता म्हणाली. "तू पाकीट पाह्यत राह्यला, भाऊ. कोणीतरी पत्रही वाचावं लागते."

"तुले मालूम होतं."

"मायासाठी कोणं असा एक तरी गोल काढला असता, तं मले शिक्का पाहावाच लागला नसता."

मोहनलालनं उर्वशीच्या हातातून गडवा घेतला, उभ्यानंच पाणी प्यायला. मग खिशातून मोबाइल काढला आणि कॅलेंडरखालच्या फळीवर ठेवला.

"शुक्रवारी रुचिकडे जायचं काम नाही," तो म्हणाला. "खळ्यात रेंज चांगली येते."

उर्वशीनं मान खाली घातली. तो दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"पन नंबर कुठचा येते, तो मले दाखवजो."