हद्दवाढीत आमचा नळ

मंगळवारी सकाळी नगरपालिकेची माणसं दारात उभी राहिली. एक साहेब, हातात यादी... आणि मागे दोघं जण पाना, पहार घेऊन.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, तालुक्याला चिकटलेलं. यंदा हद्दवाढीत ते शहरात गेलं. आम्ही कागदावर शहरी झालो, म्हशी तेवढ्या खेडवळ राहिल्या. ग्रामपंचायतीची पाणी योजना आता नगरपालिकेच्या ताब्यात जाणार, आणि पंचायतीच्या यादीत ज्यांचं नाव, त्यांचेच नळ पुढे चालू राहणार असं ठरलं होतं. भुयारी गटाराची जोडणीसुद्धा त्याच यादीवरून मिळणार होती.

आठवडाभर व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आपल्या नळावरून दुसऱ्या घराला पाणी दिलंय, त्यांचाही नळ तोडतात म्हणे. नवीन जोडणी मिळेपर्यंत मग टँकर... टँकरमागे हंडा घेऊन पळणं मी माहेरी धारूरला भरपूर केलंय. नको रे बाबा ते.

आता आमची गोची सांगते. आमचं घर रस्त्याला, आणि आमच्या पाठीला पाठ लावून शमीमखालाचं. मधे एकच भिंत. खालाचे मियाँ फळांचा गाडा लावायचे, ते वारले. आता ती एकटीच असते, शिवणकाम करते.

तिचा पाइप आमच्या अंगणातून जातो आणि कॉकही आमच्याच अंगणात आहे. आठ दिवसांनी पाणी येतं. आधी माझी टाकी, मग पिंपं, हंडे, कळशा, म्हशींचा हौद... सगळं भरलं की मी कॉक फिरवते आणि भिंतीवरून हाक मारते, "खाला, सोडलं!" लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच चाललंय.

सासरे म्हणायचे, आपला नि त्यांचा नळ एकच हाय. त्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावून टाकला होता... आम्ही देतो, ती घेते. वर्षानुवर्षं फुकटचं पुण्य पदरात पाडून घेत होते. पाणी कमी आलं की कपाळाला आठ्याही पडायच्या माझ्या, खोटं कशाला बोलू.

तर साहेबांनी विचारलं, "या नळावरून आणखी कुणाला पाणी दिलंय का?"

"नाही," मी म्हणाले.

सरळ तोंडावर म्हणाले. घरात सहा माणसं, गोठ्यात दोन म्हशी, डोळ्यांसमोर टँकर... आणि खाला? तिचं काय होईल याचा विचार माझ्या डोक्यात आला होता. तरी मी नाही म्हणाले. हे लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

मग त्यांनी नळ कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. साहेबांनी यादीवरून बोट वरून खाली नेलं, परत खालून वर आणलं. म्हणाले, या नावाचा नळच नाही. इथं एकच जोडणी आहे, शेख मेहबूब यांच्या नावाची.

मेहबूब म्हणजे खालाचे मियाँ! तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. नळ खालाचा होता, आणि उपरे आम्ही होतो. पानावाला आमच्या पाइपापाशी जाऊन बसलासुद्धा.

साहेबांनी खालाला बोलावून घेतलं. ती आली, ओढणीला दोरे चिकटलेले. तिनं शांतपणे सगळं सांगितलं. गावात नळ आले तेव्हा माझे सासरे घरादारासकट ऊसतोडीला गेले होते, सहा महिने गावात नव्हते. फॉर्म भरायची मुदत गेली. परत आले तर गावभर नळ आणि यांचंच घर कोरडं. पण खालाचा मंजूर झालेला नळही अडकला होता, कारण पाइप न्यायला आमच्या अंगणाशिवाय जागा नव्हती.

"त्यांनी वाट दिली, आमी पानी दिलं," खाला म्हणाली. "कागद कोन करतंय, साहेब?"

साहेब म्हणाले, मूळ नळवाल्यानं लिहून दिलं की ही दोन्ही घरं पंचायतीच्या काळापासून इथलंच पाणी पितात, तर दोन्ही नावं पुढे लावतो. नाहीतर यादीत नसलेला पाइप आत्ता तोडतो. पण लिहून दिल्यावर कुणी तक्रार केली तर तुमचाही नळ बंद होऊ शकतो, हे त्यांनी खालाला दोनदा बजावलं.

मी मान वर करू शकत नव्हते. एका शब्दाचं काम होतं. मी मघाशी उच्चारला, तोच शब्द.

खालानं चष्मा आणला. अर्ज सगळा वाचला आणि सही केली.

माणसं गेल्यावर मी तिला विचारलं, नळ तुझा होता तर इतकी वर्षं आधी मला का भरू दिलंस? ती म्हणाली, तुझ्या घरात खाणारी तोंडं जास्त, माझं काय, दोन हंडे. मग मला राहवेना. म्हटलं, खाला, साहेबांनी विचारलं तेव्हा मी...

"आईकलं मी," ती म्हणाली. "भिंत काय लई जाड न्हाई आपली."

म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं... आणि मग सही केली होती. मला रडूच फुटलं. तिनं मला रडू दिलं, मग चहा टाकला.

आता नगरपालिकेच्या यादीत आमचं नाव लागलंय, तिच्या नावाच्या खाली. खालाकडे साधा फोन आहे, हे ती वाचणार नाही. पण मी खोटं बोलले ते चारचौघांत, म्हणून हेही चारचौघांत सांगतेय... आमच्या घरातलं पाणी शमीमखालाचं आहे.