पुढे ओढलेला माल

माझ्या सासऱ्यांचा या जगातल्या कोणत्याही गोष्टीवर विश्वास नव्हता, आणि ज्या दुकानात एसी असेल त्या दुकानावर तर नव्हताच नव्हता. लग्न होऊन मी दिल्लीला, करोल बागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आले, त्याच दिवशी त्यांनी माझ्या माहेरच्या लाडवांचा डबा उघडला, एक लाडू फोडून हुंगला आणि मला विचारलं, "रवा कुठून घेता तुम्ही लोक?" मला वाटलं, माणूस खवय्या दिसतोय. तो संशय होता हे कळायला आठवडा गेला. दूधवाला रोजच्यापेक्षा लवकर आला तरी बाबांच्या मनात पाल चुकचुकायची, आणि उशिरा आला तर विचारूच नका.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता, असं मी आता म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. बाबा तीस वर्षं एका सरकारी ग्राहक भांडारात सुपरवायझर होते. साबण, तेल, तूरडाळ, शाळेच्या वह्या, सगळं एका छताखाली आणि रास्त भावात. शहरभर शाखा आणि प्रत्येक शाखेपुढे रांग. मग उदारीकरण आलं, बाजारात साबणाच्याच दहा तऱ्हा झाल्या आणि भांडारापुढची रांग आखडत गेली. माल येईनासा झाला. तरी साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी हुकूम यायचा: असेल नसेल तो माल फळीच्या कडेला ओढा. पुढे साबणाची एक ओळ, मागे नुसती फळी. साहेब दारातूनच बघायचे, मान डोलवायचे आणि निघून जायचे. बाबांनी ती ओळ स्वतःच्या हातांनी चार वर्षं लावली, आणि पाचव्या वर्षी भांडाराला कुलूप लागलं. तेव्हापासून कुठल्याही दुकानात गेले की ते आधी पहिल्या पाकिटाच्या मागे हात घालून बघायचे.

पुढे आम्ही गाझियाबादला, एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. आजूबाजूला रस्ते व्हायच्या आधी दुकानं झाली होती, तीही एकाच नावाची, सगळीकडे सारखी पाटी असलेली. बाबांना आयतंच काम मिळालं. दारातला माणूस हसून 'वेलकम सर' म्हणाला की बाबा थबकायचे. "मुझे जानते हो?" तो बिचारा 'नहीं सर' म्हणायचा. "तो फिर इतने खुश क्यों हो?" पिशवी बाहेर ठेवा म्हटलं की ते गार्डचं ओळखपत्र मागायचे आणि फोटो त्याच्या तोंडाशी दोनदा पडताळून बघायचे. एकावर एक फुकट अशी पाटी दिसली की दोन्हींतला फुकटचा कुठला ते दाखवा म्हणून अडून बसायचे, कारण शिळा तोच असणार याची त्यांना खात्री. एकदा तर पालेभाज्यांच्या मागे लावलेला आरसा त्यांनी शोधून काढला. "अगं, अर्धा पालक काचेत आहे," असं घरी येऊन मला सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसा नातवाच्या बारशालाही फुलला नव्हता.

पण खरी कसोटी त्या हाताची. बोटं लगेच मागच्या पाकिटाला टेकली, तर दुकान ठीक. मनगट आत गेलं, तर दुकान वर्षभर टिकणार. हात कोपरापर्यंत गेला, तर आटोपलंच. केकवाल्यांची एक साखळी, चपलांची एक आणि किराण्याचं एक भलंमोठं दुकान, तिन्ही त्यांनी सांगितलेल्या सुमारालाच बंद झाली. मग काय, सोसायटीत त्यांच्या शब्दाला भलतंच वजन आलं. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी तर त्यांना विचारल्याशिवाय कुठल्या दुकानाचं कार्डसुद्धा काढत नसत. "भाईसाहब, ये वाली कितने दिन?" बाबा दोन बोटं दाखवायचे, की दोन महिने, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी सोसायटी दुसऱ्या दुकानात. एका मॅनेजरने त्यांना हात जोडून सांगितलं होतं, अंकलजी, आप मत आया करो.

आणि अशा माणसाच्या सुनेने नोकरी धरली ती अशाच दुकानात. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा सोसायटीच्या मागेच एका कंपनीची नवी शाखा निघाली. मी कॅश काउंटरवर लागले आणि तीन वर्षांत मॅनेजर झाले. बाबा कौतुकाचा शब्द बोलले नाहीत. फक्त दर रविवारी अकरा वाजता यायचे, बिस्किटांच्या फळीत हात घालायचे आणि काहीही विकत न घेता "ठीक आहे" म्हणून निघून जायचे. त्या 'ठीक आहे'साठी मी आठवडाभर जिवाचं रान करायचे, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

चौथ्या वर्षी कंपनीचं गणित चुकलं. इतक्या भराभर शाखा काढल्या की माल पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला. हेड ऑफिसमधून निरोप आला की दिवाळीपर्यंत विक्री टिकवली तर शाखा राहील, नाहीतर कुलूप. आणि तोवर फळ्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. माझ्या हाताखाली नऊ बायका होत्या. दोघींच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. आम्ही दहा जणी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन माल पुढे ओढायचो. गिऱ्हाईक फसायचं. मला भीती होती ती एकाच माणसाची, आणि तो माझ्याच घरात राहत होता.

रविवारी अकरा वाजता बाबा आले. मी काउंटरवरून बघत होते. त्यांनी बिस्किटांच्या मागे हात घातला. मनगट गेलं, मग कोपर गेलं. हात तसाच आत ठेवून ते जरा वेळ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. मग त्यांनी हात हळूच बाहेर काढला, वाकडं झालेलं पाकीट दोन बोटांनी सरळ केलं आणि बरोब्बर फळीच्या कडेला आणून लावलं. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने टोपली उचलली. त्यात दोन पुडे बिस्किटं टाकली, तारीखसुद्धा न बघता. मागेच आंटी उभ्या होत्या. त्यांना आमच्या कार्डावर पॉइंट जमवून मिक्सर घ्यायचा होता. "भाईसाहब, बताओ जी, कितने दिन?"

"चलेगी," बाबा म्हणाले. "बरसों चलेगी."

"तो मैं पॉइंट जमा करती रहूँ?"

"बिल्कुल करती रहिए."

त्या दिवसापासून बाबा रोज यायला लागले. दातांना न झेपणारे वेफर्स, मुलगा तोंड लावत नाही तो सॉस, काय वाटेल ते घ्यायचे. गेटवर बसून लोकांना अडवून सांगायचे, कुठे करोल बागपर्यंत जाता, इथे सगळं मिळतं. नवरा घाबरला. "यार, बाबांना डॉक्टरकडे नेऊ या का? ते काल एसीची तारीफ करत होते." मी ताकास तूर लागू दिली नाही. बाबाही बोलले नाहीत. जेवताना आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून कंपनीचा सॉस संपवायचो.

दिवाळी निभावली, पण पुढे दोन महिन्यांत शाखा बंद झालीच. लोकांचे पॉइंट गेले. आंटी जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाईसाहब का हाथ भी अब बूढ़ा हो गया." बाबा "हो गया जी" म्हणाले आणि वर आले. नंतर कोणी त्यांना काही विचारलं नाही. नवं दुकान निघालं की लोक आपापसात बोलायचे आणि बाबा आले की विषय बदलायचे. महिन्याभराने ते स्वतः जाऊन एक मिक्सर घेऊन आले आणि आंटींच्या दारात ठेवून म्हणाले, कंपनीने पाठवलाय. आंटी काही भोळ्या नव्हत्या. "कंपनी तो बंद हो गई, भेजा किसने?"

"बहनजी," बाबा म्हणाले, "हर बात पे शक नहीं करते."

त्या दुपारी मी त्यांना विचारलंच. "बाबा, तुम्हाला कळलं होतं ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मी बघत होते. कोपरापर्यंत गेला होता हात."

"आमचं भांडार बुडतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "जो तो येऊन मलाच सांगायचा. चार वर्षांत एकही माणूस म्हणाला नाही की चालेल म्हणून. तेव्हा तुझी सासू होती. मी घरी येऊन तिच्याकडे बघायचो, तर तीही गप्प. खोटं का होईना, कोणीतरी म्हणायला हवं होतं गं."

आज बाबा नाहीत, माझीही मानेसरच्या एका गोदामात बरी नोकरी आहे, त्या नऊ जणींपैकी चौघी माझ्याबरोबरच आहेत. सगळं ठीक चाललंय. पण नोकरीतून निघाल्यावर त्या माणसाकडे आपलं म्हणावं असं एकच उरलं होतं, लोकांचा त्यांच्या शब्दावरचा विश्वास, आणि ते त्यांनी माझ्या दुकानासाठी देऊन टाकलं. मला ते दुकान वाचवता आलं नाही.