एका काम्प्युटरात दोन हिशोब

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण उद्या लेकीच्या हाती लागली तर तिनं चुका मोजू नयेत, एवढं आधीच सांगून ठेवते. तिच्यासाठीच तेव्हा मी एका माणसावर कित्येक महिने पाळत ठेवली होती.

आमच्या गावच्या दूध डेअरीत मी रोज दोन वेळा दूध घालायची. जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव, खोडदच्या दुर्बिणी आमच्या माळावरून दिसतात. दोन गाया, दहा लिटरच्या आसपास दूध. दर दहा दिवसांनी बिलाची पावती निघे. बिलाचे पैसे आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, घेत आणि पावती माझ्याकडे टाकत. त्या पावतीत एक लहानशी कपात असायची, लिटरमागं आठ आणे. ती ठेव म्हणून डेअरीत साठायची आणि दिवाळीत वसुबारसेला परत मिळायची. मालक फक्त खालचा आकडा बघत. ठेवीचा आकडा त्यांनी कधी वाचला नाही. वर्षभरात माझे म्हणावेत असे पैसे तेवढेच.

लेक दहावी पास झाली तेव्हा मालक म्हणाले, "बास झालं. आता घरी बस." मला बोलता येतच नाही, चार माणसांत तर माझं तोंडच उघडत नाही. पण आंबेगावात घोडेगावजवळ माझं माहेर आहे. तिथं जाऊन मी भावजयीकडून अठराशे रुपये गुपचूप आणले. जुन्नरच्या कॉलेजची फी, वह्या, एसटीचा पास. मालकांना सांगितलं, फी माफ झाली आहे. दिवाळीला ठेव मिळाली की पैसे परत, असा भावजयीला शब्द दिला. हे पैसे माझ्या भावालाही ठाऊक नव्हते. तिनं तांदळाच्या डब्यातून काढून दिले आणि वर म्हणाली, "वन्सं, दिवाळी ह्याच वर्षीची ना?"

त्याआधी एप्रिलपासून डेअरीत एक बदल झाला होता. काम्प्युटर तोच, पण पावती वेगळी. आधीच्या पावतीवर सगळं इंग्रजीत असे, मला फक्त आकडे कळत. नवी पावती मराठीत आली आणि तिच्यावर माझं नाव होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू? पण नंबर मात्र बदलला होता. आमचा नंबर एकेचाळीस, सासूबाईंच्या वेळेपासूनचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी आम्ही त्याच नंबरवर दूध घालत होतो. आमच्याकडं असंच चालतं. माणूस गेलं तरी नंबर बदलायला कुणी जात नाही, मापाला उभं राहिलं की "एकेचाळीस" म्हणायचं की झालं. आता मला दोनशे सहा नंबर दिला होता.

एकदा सकाळी मापाच्या रांगेत उभी असताना मी आत पाहिलं. डेअरीचे सेक्रेटरी टेबलाशी बसलेले. कुणीतरी मागच्या वर्षाचं काही विचारलं. त्यांनी समोरच्या काम्प्युटरचा पांढरा पडदा बंद केला आणि दुसरं काहीतरी उघडलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माणूस गेल्यावर काळा बंद, पुन्हा पांढरा.

आमच्या वाण्याच्या दुकानात दोन वह्या असायच्या. एक साहेब तपासायला आला की दाखवायची आणि एक गादीखाली ठेवायची. ते सगळ्या गावाला माहीत होतं. मग एका काम्प्युटरात दोन हिशोब कशाला लागतात?

तेव्हापासून मी लक्ष ठेवू लागले. दूध घातलं तरी किटली विसळायच्या निमित्तानं नळाशी रेंगाळायची. काळा पडदा कधी उघडतात, कुणासमोर उघडतात, डोळ्यानंच टिपत राहायची. कमिटीतला कुणी आला की काळा हमखास उघडायचा, असं मला वाटे. एकदा दोन्ही एकदम उघडले आणि मशीन थिजलं. सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसले. रांगेतला एकजण म्हणाला, "राव, खोडदला तारे मोजत्यात काम्पुटरवर, आन् तुमाला आमच्या गाईचं दूध मोजायला एक पुरंना?"

"अरं बाबा, जुनं व्हर्जन हाय आन् नवं व्हर्जन हाय," सेक्रेटरी म्हणाले. "नवं जुन्याचा हिशोब उघडत न्हाई. ऑडिट हुईस्तवर दोन्ही ठेवावी लागत्यात."

सगळे हसले. मी नाही हसले. उत्तर इतकं तयार असलं की मला ते आधीच घोटून ठेवलेलं वाटतं.

वसुबारसेला ठेव वाटली. माझ्या हातावर एक हजार पन्नास रुपये आले. मी घरी येऊन पावत्या काढल्या. त्या मी तारेत ओवून ठेवत असे. इंग्रजी पंधरा, मराठी एकवीस. एका पावतीला पन्नास रुपये ठेव, कधी थोडी कमी, कधी जास्त. एकवीस मराठी पावत्यांचे एक हजार पन्नास झाले. पंधरा इंग्रजी पावत्यांचे साडेसातशे कुठं गेले? काळ्या पडद्यात गेले. मला आता पक्कं वाटलं.

भाऊबीजेला माहेरी गेले आणि हजार पन्नास भावजयीला दिले. ती नोटांकडं न बघता माझ्याकडं बघत होती. "बाकीचं?" मी म्हणाले, "डेअरीत अडकलंय, वहिनी." तर म्हणते, "डेअरीत का तुमच्या नव्या लुगड्यात?" ते लुगडं भावानंच घेतलं होतं. पण मी खाली मान घातली. मी सेक्रेटरीवर संशय घेत होते, आणि इथं माझ्यावरच. भावाला हे कळलं असतं तर माझ्या मालकांपर्यंत जायला एक दिवस पुरला असता, आणि लेकीची एसटी त्याच दिवशी थांबली असती.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी डेअरीत गेले, तेव्हा गर्दी नसते. कमिटीचे दोघं चहा पीत बसलेले पाहून परत फिरणार होते. पण पाय आत गेले. मी पावत्यांची तार टेबलावर ठेवली.

"काय हाय, ताई?"

"मोजा," एवढंच आलं तोंडातून.

त्यांनी पावत्या चाळल्या, मग पांढरा पडदा पाहिला. दोनशे सहा, देणं काही नाही. मी म्हटलं, "काळा उघडा." त्यांनी माझ्याकडं चमकून पाहिलं. पांढरा बंद केला, काळा उघडला, एकेचाळीस नंबर काढला. हिरव्या अक्षरांत साडेसातशे तसेच पडून होते.

"अरे तिच्या!" सेक्रेटरी म्हणाले. "हे तर तुमच्या सासूबाईंच्या नावावर हाय. नवं व्हर्जन टाकताना मी यादी घिऊन बसलो. जी माणसं वारली त्यांच्यावर पेन्सिल मारली, म्हणलं मेलेली माणसं नव्यात कशाला न्यायची? तुमच्या सासूबाईंच्या दहाव्याला मीच व्हतो की. म्हणून तुमाला नवा नंबर काढून दिला, म्हणलं ताईंच्या नावावर असूद्या. नव्या नंबरला मागची शिल्लक शून्यच धरली गेली."

ते मनापासून बोलत होते की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण चहा पिणारे कमिटीवाले मध्ये पडले. "म्हंजे खातं मयताचं. वारसाची सही लागंल. मालकांना पाठवा."

मालक आले की सगळं बाहेर. आणि मग कसं कोण जाणे, माझा आवाज मोठा निघाला.

"सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. हे दूध गेल्या दिवाळीनंतरचं आहे. त्या कुठून येऊन घालत होत्या? ठेव दर दिवाळीला फिटते, त्यांचं काहीच राहिलेलं नाही. मग वारस कशाला?"

एका कमिटीवाल्याच्या तोंडातला चहा बशीत पडला. "आयला, खरंय," तो म्हणाला. "मेलेल्या बाईनं दूध घातलं म्हणून दाखवलं तर ऑडिटर आपल्यालाच धरील."

सेक्रेटरींनी यादी काढली. पेन्सिलीनं काट मारलेली आणखी तीन नावं मला दिसली. ती घरं ठेव मागायला आली होती का, हे मी विचारलं नाही. ते अजून टोचतं. त्या दिवशी माझं धाडस माझ्यापुरतंच होतं.

तरी पैसे लगेच मिळाले नाहीत. मिटिंग व्हायची होती. तुळशीच्या लग्नाला चारशे दिले, म्हणाले गल्ल्यात एवढेच आहेत. मी पुन्हा नळाशी रेंगाळू लागले. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी उरलेले साडेतीनशे दिले. मी म्हटलं, आधी दाखवा. त्यांनी काळ्या पडद्यावर एकेचाळीसला शून्य केलेलं दाखवलं, तो बंद करून पांढरा उघडला, तिथं माझ्या नावापुढं साडेसातशे जमा आणि साडेसातशे दिलेले दाखवले. "झालं समाधान?" ते म्हणाले. मी अंगठा नाही दिला, सही केली.

चंपाषष्ठीला देवाच्या निमित्तानं माहेरी गेले. भावजय चुलीपाशी होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, नोटा घेतल्या, एकदा मोजल्या, उजेडाकडं धरून पुन्हा मोजल्या. मी उभीच होते. आधीचे हजार पन्नास आणि हे साडेसातशे. तिनं डबा काढला, तांदळात हात घातला आणि म्हणाली, "अठराशे. आले सगळे."