एक्केचाळीस चुका

मिरजेहून निघालेली आमची गाडी पन्नास मिनिटं उशिरा, सकाळी साडेसातला बेंगळुरूत पोचली. धाकटा भाऊ नीलेश फलाटावरच खांदा फिरवून पाहू लागला. त्याचं वय तेहतीस. बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. नीलेश एकोणीस वर्षं त्या जागी खेळला, त्यातली शेवटची दोन पगारावर. तो पगारी संघ बंद पडला. इथे नवा संघ उभा राहत होता, शॉर्टस्टॉपची जागा एकच होती, आणि या वयात पुढची संधी येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

चामराजपेटेत गोविंदअण्णांकडे उतरलो. आमच्या शेजाऱ्यांचे हे दूरचे नातेवाईक. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, शिवणकाम करणारे. सकाळी नऊलाच भात आणि हुळी (भाज्यांची चिंच घातलेली आमटी) समोर आली.

"स्वल्प (थोडा) भात घ्या की," म्हणत अण्णांच्या बायकोने, अक्कांनी, तिसऱ्यांदा वाढलं.

अण्णांनी नीलेशला विचारलं, "क्रिकेट सोडून हे काय धरलंत?"

"तिकडे रांग फार मोठी होती, अण्णा."

"आणि इकडं?"

"इकडं रांगच नाही. मी एकटाच."

अण्णा हसले. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

हेब्बाळच्या मैदानावर पोचायला रिक्षाने एक तास दहा मिनिटं घेतली. तळ्याकडून वारा येत होता, पण ऊन कडक होतं. चाचणीत दोघांनाच प्रत्येकी वीस चेंडू दिले. नीलेशने अठरा अडवले. एक तर तिसऱ्या बेसकडे झेपावून, गुडघ्यांवरूनच फेकला. दुसरा उमेदवार चांगला होता, पण लांबचे चार चेंडू त्याने नुसते जाताना पाहिले.

तीन वाजता यादी लागली. नीलेशचं नाव नव्हतं.

प्रशिक्षक पुण्याचे निघाले. "सर, ट्रायल त्याचीच बेस्ट होती," ते म्हणाले. "पण मॅनेजमेंट रेकॉर्ड बघतं." त्यांनी कागद दाखवला. नीलेश : बासष्ट सामने, एक्केचाळीस चुका. दुसरा : साठ सामने, नऊ चुका.

"हे स्कोअरिंग कुणाचं?" त्यांनी मला विचारलं.

"माझं. आमच्याकडे सामन्याला नेमलेला स्कोअरर नसतो. माझ्या वहीवरच संघटना सही करते."

"एरर कधी धरता?"

"चेंडू हाताला लागला आणि गडी बाद झाला नाही, की चूक."

त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली. "सर, सहज जमण्यासारखा चेंडू सुटला तरच एरर. लांबचा, धावत जाऊन गाठलेला सुटला तर ती चूक नाही, तो फलंदाजाचा हिट. हा प्रत्येक चेंडूमागे जातो. जो जातच नाही, त्याच्या हाताला चेंडू लागणार कसा?"

"मी दुरुस्त करून देतो."

"दोन वाजता यादीवर सही झाली, सर."

नीलेश कुंपणाशी बुटाच्या नाड्या सोडत होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पगारावर गेलो तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"दादा, तू माझा एकही सामना चुकवला नाहीस. तुला काय सांगायचं, लिहिणं चुकतंय म्हणून?"

त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालो. पहाटे बेळगाव गेल्यावर मी वही उघडली आणि पेन्सिल घेतली. कुठला चेंडू सहज होता, कुठला लांबचा, एवढंच वेगळं करायचं होतं. वहीत होतं ते इतकंच : डाव, क्रमांक, पुढे फुली. एक्केचाळीस ठिकाणी तेच. मला दोन चेंडू आठवले. उरलेल्या एकोणचाळीसांमागे तो किती पावलं धावला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. अक्षर स्वच्छ आहे, बेरीज बरोबर आहे. एवढंच मला येत होतं.

"राहू दे, दादा," नीलेश म्हणाला आणि सामान काढायला उठला.