हात मागे बांधलेल्या काकू

काकू दुसऱ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. पाच वसतिगृहांतले संगणक, वाय-फाय आणि प्रिंटर ज्यांच्या भरवशावर चालत, त्या या बाई तक्रार आलेल्या खोलीत शिरल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. शाळा तपासायला आलेले साहेब उभे राहतात ना, अगदी तशा. मग खोलीतल्या मुलीला म्हणत, "चलो बेटा, तुम करो. मैं देख रही हूँ."

नोएडातल्या एका विद्यापीठात मी शिकत होते आणि तासिका नसतील तेव्हा वसतिगृहांच्या मदतकक्षात काम करत होते. आम्ही सहा विद्यार्थी आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या काकू. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी त्या नाशिकहून दिल्लीला आल्या आणि इथल्याच झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव मराठीतून विचारलं आणि माझ्या तोंडून आपसूक 'काकू' निघालं. बाकीचे पाच जण हरियाणा-बिहारकडचे. अर्थ न विचारता त्यांनी तो शब्द उचलला, आणि महिन्याभरात मेसच्या आचाऱ्यापासून वॉर्डनपर्यंत सगळे त्यांना 'काकूजी' म्हणू लागले. काकूंनी कुणालाही सुधारलं नाही.

हात मागे ठेवण्याचा नियम आम्हालाही होता आणि तो माझ्या अगदी जिवावर यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण समोरची मुलगी माउस धरून चाचपडत असायची आणि आपण 'थोडा ऊपर, नहीं, उसके बगल में' करत ताटकळायचं. एकदा मी कुरकुरले, तेव्हा साठीला टेकलेल्या काकू म्हणाल्या, "अगं, आपण निघून येतो. त्या मशीनबरोबर राहायचं तिला आहे. तिला जमायला नको का, यार?"

त्यांचे आणखीही नियम होते. दार वाजवून दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे उघडणाऱ्याला आपण आख्खे दिसतो. आत गेल्यावर दारात चप्पल अडकवायची, म्हणजे ते उघडं राहतं. आणि अदमासाने काही करायचं नाही. 'अदमास' म्हणजे काय, हे विचारायला मला कोपर्निकस मार्गाजवळच्या ऑफिसात बसलेल्या बाबांना भर दुपारी फोन करावा लागला. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मराठीला अशी भोकं पुष्कळ होती. काकूंच्या हाताखाली त्यातली निम्मी तरी बुजली.

शेवटच्या वर्षी मी हात मागे ठेवण्याचा नियम मोडला. रांचीची एक संशोधक विद्यार्थिनी होती, तिला आम्ही सगळे दीदी म्हणायचो. प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते आणि तिच्या लॅपटॉपमध्ये जागा संपली होती. दोन वाजता माझा पेपर होता. दीदी बाल्कनीत फोनवर बोलत होती. मी लॅपटॉप सरळ मांडीवर घेतला, फालतू फायली उडवल्या, कचरापेटी रिकामी केली आणि तिला लांबूनच 'झालं' अशी खूण करून पळाले.

दोन दिवसांनी दीदीचा मदतकक्षात फोन आला. तिचं चौथं प्रकरण सापडत नव्हतं. ते ती त्या कचरापेटीतच ठेवायची, कारण तिथल्या फायलींना जागा लागत नाही अशी तिची समजूत होती. अशा लोकांवर आम्ही पोट धरून हसायचो. पण माउस तिच्या हातात असता तर तिने मला तिथेच थांबवलं असतं.

काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

"तिला वाटतंय, तिच्याच हातून गेलं," त्या म्हणाल्या.

तुम्ही सांगाल का तिला, असं मी विचारलं. खरं तर विनवलंच.

"नाही. तू सांग. मी दाराबाहेर उभी राहते."

आणि त्या उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. आत दीदीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "दो दिन से मैं अपने आप को कोस रही हूँ." ते वाक्य मला आजही सोसत नाही.

बाहेर आल्यावर मी रडत होते. काकूंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. रडून झाल्यावर आत जा आणि तिला काय हवंय ते विचार, म्हणाल्या. संगणक केंद्राने खटपट करून जेमतेम काही पानं परत मिळवली. पुढचा आठवडाभर दीदी आपल्या वह्या उघडून सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. प्रबंध वेळेत गेला. दीदी माझ्याशी मोकळेपणाने मात्र परत कधी बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पुढे गुरुग्रामच्या एका कंपनीत मुलाखत होती. तिथे देखरेख करणाऱ्याचं शिफारसपत्र बंद पाकिटात द्यायचं होतं. काकूंची मी लाडकी, त्यामुळे मी निर्धास्त होते. मुलाखत घेणाऱ्याने पाकीट फोडलं, वाचलं आणि मान वर करून विचारलं, "ये चैप्टर वाला किस्सा क्या है?" काकूंनी लिहिलं होतं की हिने घाईत एका मुलीचं प्रकरण पुसलं, आणि स्वतः जाऊन तिला ते सांगितलं. माझे कान तापले. घडलं तसं मी सांगितलं आणि नोकरी लागली.

तरी बाहेर पडल्या पडल्या मी काकूंना फोन केला आणि भांडले. असं का लिहिलंत, म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाकीचं सगळं तुझ्या मार्कशीटमध्ये आहे गं. एवढं एकच मला एकटीला माहीत होतं."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मला तीन आठवड्यांनी कळलं. त्यांच्या घरी जाऊन आले, पण आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

आता माझ्या हाताखाली नऊ मुलं-मुली आहेत आणि शिफारसपत्रं मी लिहिते. मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ. काल एकीसाठी लिहायला बसले. तिची अशीच एक गोष्ट मला एकटीला ठाऊक आहे. तीनदा ते वाक्य लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी 'मनमिळाऊ' लिहून पाकीट बंद केलं. खरं लिहायला माणसावर जेवढी माया असावी लागते, तेवढी काकूंची माझ्यावर होती. माझी अजून कुणावर नाही.