वसंतातला पियानो आणि अण्णांचा डावा हात

आमच्या पियानो मंडळाची चार डोकी एकत्र आली की काहीतरी घडतंच. आणि घडलं की ते मीच सांगायचं, हे कसं काय ठरलं देव जाणे! परवा सहज बोलायला बसलो, तर एकातून एक निघत गेलं आणि चहा तीनदा गरम करावा लागला.

मंडळ म्हणजे कोण? पियानो ज्यांचा, त्या रिटायर्ड टीचर, आमच्या मिस. गंगापूरकडं ऊस असलेले, आता लेकाकडं सिडकोत राहणारे शिंदेअण्णा. सूर लावून देणारे वाहिदभाई. आणि मी सेक्रेटरी, म्हणजे खुर्च्या मांडणारा! वसंतपंचमी ते रंगपंचमी, दर रविवारी संध्याकाळी पियानो कॉलनीच्या बागेत. ज्याला हौस, त्यानं वाजवायचं.

*

पहिल्या वर्षी पियानो मिसच्या छावणीतल्या घरून कॉलनीत आणायचा होता. अण्णा म्हणाले, "टेम्पो कशाला? माझा ट्रॅक्टर हाय की!"

ट्रॉलीत उसाचं पाचट अंथरलं, पियानोला पिवळं कापड गुंडाळलं. मिसचा जीव वरखाली. त्या ट्रॉलीतच उभ्या राहिल्या आणि प्रत्येक खड्ड्यानंतर कापड वर करून वाजवून बघायला लागल्या. क्रांती चौकात दोन गड्यांना वाटलं, वरात आली. लागले पुढं नाचायला! नाचता नाचता एकानं विचारलं, "काका, नवरदेव कुठंय?"

अण्णांनी मागं बोट दाखवलं, "त्यो काय, पिवळं लेवून बसलाय!"

*

वसंतपंचमीला पूजा तर हवीच. कॉलनीतल्या बायकांनी मनोभावे एकेका पट्टीला हळदकुंकू लावलं. एवढ्यात अण्णा नारळ घेऊन पियानोकडं निघाले. मिस धावत मधे आल्या, "फोडायचाच असेल तर माझ्या डोक्यावर फोडा!"

नारळ पायरीवर फुटला. पण दुसऱ्या दिवशी चार पट्ट्या खाली गेल्या की वर येईनात. वाहिदभाईंनी आतून चिमूटभर हळद काढली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "मियाँ, इसकी हल्दी तो हो गई. अब निकाह तक बजेगा नै!"

*

एकदा पाहुण्यांनी भाषण सुरू केलं ते संपेचना. वाजवायला आलेली पोरं पेंगायला लागली. मिस शांतपणे पियानोपाशी गेल्या. पाहुणे श्वास घ्यायला थांबले, की मिस शेवट केल्यासारखे दणदणीत सूर वाजवायच्या. लोकांच्या टाळ्या! पाहुणे नमस्कार करून पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते खरंच खाली बसले आणि मला म्हणाले, "तुमचे श्रोते फार दर्दी आहेत हो!"

*

आता अण्णांचं. सत्तरीला आलेला हा माणूस तीन वर्षं एकच गत शिकतोय. लेकानं घरी कीबोर्ड घेतला, मिस रोज सकाळी शिकवायला जायच्या. उजवा हात झकास! डावा मात्र उजव्याच्या मागं मागं पळायचा. मिस चिडल्या की अण्णा म्हणायचे, "मिस, बैल जोडीनंच चालत्यात की!"

त्यांना बाकी कुणाचं काही नव्हतं. बायकोनं, म्हणजे कावेरीकाकूंनी, एकदा बागेत येऊन ऐकावं, एवढीच इच्छा. पण काकू ठाम. "दोन्ही हातानं वाजवाल तवा येईन. अर्ध्या गाण्याला नवी साडी कोण नेसंल?"

सगळे हसायचे, अण्णाही हसायचे. पण दर रविवारी खुर्च्यांकडं एक नजर टाकायचेच. मला वाईट वाटायचं.

*

यंदा अण्णांनी जाहीर केलं, "औंदा नाय जमलं तर सोडलं!" आणि शेवटच्या रविवारी काकू आल्या. नवी साडी, पहिली रांग!

अण्णा बसले. उजवा हात सुरू झाला, डावा मांडीवरून हलेना. थांबले. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. अण्णांचे कान लाल झाले. मी तर मान खाली घातली.

काकू उठल्या. मला वाटलं, चालल्या घरी! पण त्या सरळ पियानोपाशी गेल्या, "सरका जरा" म्हणाल्या आणि अण्णांच्या डाव्या अंगाला बाकावर बसल्या. पदर खोचला आणि डाव्या हाताची गत सुरू केली. एकही सूर चुकला नाही!

अण्णांचा आ वासलेला, हात हवेत. "अगं, तू कवा शिकली?"

"ते घरी बोलू. तुम्ही वाजवा आधी, माझं पुढं चाललंय!"